आनंदीबाईंच्या कॉलेजातल्या बाकीच्या जणी

१८८१ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी आपल्या हयात पदवीधरांना टपालाने एक प्रश्नावली पाठवली. डॉक्टरकी करता का? बाळंतपणं, स्त्रीरोग, शस्त्रक्रिया, यांपैकी कशाचे रोगी जास्त? वर्षाची मिळकत किती? गावात मान मिळतो का? कुठे शिकवता का, कुठल्या वैद्यक मंडळाच्या सभासद आहात का? आणि लग्न झालं असेल तर या व्यवसायाचा तुमच्या घरावर काय परिणाम झाला?

बॉडली मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. १८६५ पासून त्या कॉलेजात रसायन शिकवत होत्या, १८७४ मध्ये डीन झाल्या. ‘मुलींना इतकं शिकवून उपयोग काय, लग्न करून घरीच बसणार’ हा आक्षेप त्यांनी तीस वर्षं चाललेल्या कॉलेजाच्या दारात रोज ऐकला असेल. त्याला त्यांनी व्याख्यानाने उत्तर दिलं नाही, आधी माहिती गोळा केली. उत्तरं आली ती अशी, की बहुतेक जणी रोगी तपासत होत्या, त्यावर पोट भरत होत्या, आणि ज्यांची लग्नं झाली होती त्यांतल्या पुष्कळशा जणींनी संसार आणि व्यवसाय दोन्ही चाललेत असं कळवलं होतं. त्या वर्षीच्या पदवीदान समारंभात बॉडलींनी हे सगळं वाचून दाखवलं. शिकलेल्या बायकांचं पुढे काय होतं, याची पद्धतशीर मोजदाद करणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक.

दोन वर्षांनी याच बॉडलींकडे आनंदीबाई जोशींचा प्रवेशाचा अर्ज आला.

मराठी वाचकाला हे कॉलेज एका चेहऱ्यामुळे माहीत आहे. गोपाळरावांचा हट्ट, दहा दिवसांचं बाळ गेल्याचं दुःख, कलकत्त्याहून बोटीने निघालेली अठरा वर्षांची मुलगी, ११ मार्च १८८६ ची पदवी आणि पुढच्या वर्षभरातच क्षयाने आलेला मृत्यू. गोष्ट इतकी दाटून येणारी आहे, की ती शिकली ते कॉलेज आपल्या सांगण्यात नुसतं गावाच्या नावापुरतं उरतं. यात आनंदीबाईंवरही थोडा अन्याय होतो. एकटीने अंधारात उडी मारावी असं त्यांनी केलं नव्हतं. ज्या संस्थेच्या पाठीशी तीन दशकांचा अनुभव होता, जिची एक पदवीधर तेरा वर्षं हिंदुस्थानातच दवाखाना चालवत होती, अशा ठिकाणी त्या गेल्या होत्या. त्यांच्या आधीच्या, बरोबरीच्या आणि नंतरच्या मुलींकडे पाहिलं, की पदवी हाती आल्यावर एका बाईला काय काय लागत होतं ते दिसू लागतं.

कॉलेज निघालं १८५० मध्ये, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या आणि सुधारक विचारांच्या मंडळींच्या पुढाकाराने. तेव्हाचं नाव फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्वेनिया. १८६७ मध्ये ते बदलून विमेन्स मेडिकल कॉलेज झालं. डिसेंबर १८५१ अखेर आठ जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. शहरातल्या इतर वैद्यकीय कॉलेजांचे विद्यार्थी दंगा करतील या भीतीने समारंभाला पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला होता. त्या आठांत ॲन प्रेस्टन होत्या. त्या पुढे तिथेच शरीरक्रियाशास्त्र आणि आरोग्यशास्त्र शिकवू लागल्या आणि १८६६ मध्ये डीन झाल्या. बायकांच्या वैद्यकीय कॉलेजावर बाईच डीन, हे तोवर घडलं नव्हतं.

अभ्यासाचं वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि मार्चमध्ये संपायचं. याला एक साधं कारण शवविच्छेदनाचं. प्रेतं टिकवण्याची आजच्यासारखी सोय नव्हती, म्हणून ते काम थंडीतच उरकायचं. प्रेतं मिळवणं हाही मोठा प्रश्न होता. पेनसिल्वेनियाने १८६७ मध्ये फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गपुरता, आणि १८८३ मध्ये सगळ्या राज्यासाठी कायदा करून बेवारस प्रेतं कॉलेजांना वाटून द्यायची व्यवस्था लावली. आनंदीबाई त्याच वर्षी तिथे पोचल्या. शवविच्छेदनाच्या जोडीला व्याख्यानं, बॉडलींची रसायनाची प्रयोगशाळा आणि शेवटी लेखी प्रबंध. आनंदीबाईंचा प्रबंध हिंदू प्रसूतिशास्त्रावर होता. आपल्याकडचे जुने ग्रंथ आणि अमेरिकेतली पाठ्यपुस्तकं दोन्ही समोर ठेवून त्यांनी तो लिहिला.

पुस्तकी अभ्यासात कॉलेज कमी नव्हतं. दुबळी बाजू होती रोग्याची. खाटेवरचा रोगी पाहिल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही, आणि खाटा होत्या मोठ्या इस्पितळांत, जिथे पुरुष विद्यार्थ्यांची मक्तेदारी. त्यावर पहिला उपाय म्हणजे १८६१ साली प्रेस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं विमेन्स हॉस्पिटल. बायका आणि मुलं यांचे आजार तिथे शिकता येत. पण अपघात, हाडं मोडलेले मजूर, पुरुषांचे आजार तिथे कुठून येणार? म्हणून पेनसिल्वेनिया हॉस्पिटलमधल्या शनिवारच्या प्रात्यक्षिक व्याख्यानांना मुलींना बसू द्यावं अशी खटपट झाली आणि परवानगी मिळाली. ६ नोव्हेंबर १८६९ ला तीसएक मुली सभागृहात शिरल्या. शेकडो पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो केली, कागदाचे बोळे आणि चघळलेल्या तंबाखूचे गोळे फेकले; मुली बाहेर पडल्या तेव्हा रस्त्यात दगडही आले. शहरातल्या वर्तमानपत्रांनी बहुतांशी मुलींची बाजू घेतली. अनेक प्राध्यापकांनी मात्र एकत्र व्याख्यानांविरुद्ध निवेदन काढलं. मुली पुढच्या वेळी पुन्हा गेल्या, हे मला त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

पदवी मिळाली तरी अडचणी संपत नसत. पहिल्याच तुकडीतल्या हॅना लाँगशोर यांनी फिलाडेल्फियात दवाखाना थाटला, तर औषधवाल्याने त्यांची चिठ्ठी घ्यायलाच नकार दिला. घरी जा, नवऱ्याचे मोजे शिवा, असं त्याने सुनावल्याची नोंद आहे. त्या औषधांची पेटी स्वतःच बाळगू लागल्या आणि बायकांसाठी आरोग्यावर जाहीर व्याख्यानं देऊ लागल्या. व्याख्यानं ऐकायला आलेल्या बायका पुढे दवाखान्यात आल्या आणि त्यांची प्रॅक्टिस चांगली मोठी झाली.

औषधवाल्यापेक्षा मोठी अडचण सल्लामसलतीची होती. रोगी हाताबाहेर जातोय असं दिसलं की त्या काळचा डॉक्टर दुसऱ्या, अनुभवी डॉक्टरला बोलावून घेई. कठीण बाळंतपणात, शस्त्रक्रियेआधी हे लागायचंच. फिलाडेल्फिया काउंटी मेडिकल सोसायटीने १८५८ मध्ये ठराव करून बायकांच्या कॉलेजात शिकवणाऱ्या आणि तिथून शिकलेल्या डॉक्टरांशी असा व्यवहार ठेवायला आपल्या सभासदांना मनाई केली. याचा अर्थ नीट पाहायला हवा. बाई डॉक्टर एकटी पडली, आणि तिच्याकडे येणाऱ्या रोग्याच्या मनात शंका शिरली: वेळ आली तर हिच्या मदतीला कोण येईल? सभासदत्व नाही म्हणून इस्पितळातली जागा नाही, इस्पितळातली जागा नाही म्हणून मोठ्या शस्त्रक्रियांचा हात नाही, असं ते चक्र होतं. ते मोडलं पदवीधरांनी एकमेकींच्या जोरावर. एमलिन हॉर्टन क्लीव्हलँड (पदवी १८५५) पॅरिसला जाऊन प्रसूतिशास्त्र शिकून आल्या आणि विमेन्स हॉस्पिटलमध्ये बीजकोशाच्या गाठीची शस्त्रक्रिया करण्यापर्यंत पोचल्या. ॲना ब्रूमॉल (१८७१) व्हिएन्ना आणि पॅरिस करून आल्या आणि १८८० पासून कॉलेजात प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, म्हणजे आनंदीबाई त्यांच्याच हाताखाली शिकल्या. १८८८ मध्ये ब्रूमॉल यांनी दक्षिण फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीत घरोघरी जाऊन बाळंतपणं करण्याची शाखा काढली. विद्यार्थिनी तिथे जंतुनाशकाची शिस्त पाळायला शिकत आणि गरोदर बाईला बाळंतपणाच्या आधीपासून तपासत. दिवस भरल्यावर कळा सुरू झाल्या की मगच डॉक्टर, अशी सर्वत्र रीत असताना आधीपासून तपासणीचा आग्रह धरणं हे मोठं पाऊल होतं. काउंटी सोसायटीने पहिल्या बाईला सभासद करून घेतलं तेही त्याच १८८८ साली, ठरावानंतर तीस वर्षांनी.

पदवीनंतर कुठे जायचं, याला एक वाट लवकरच खुली झाली: ख्रिस्ती मिशनतर्फे परदेश. क्लारा स्वेन मार्च १८६९ मध्ये पदवीधर झाल्या. पेनसिल्वेनिया हॉस्पिटलमधल्या त्या हुर्योच्या तीनच दिवस आधी, ३ नोव्हेंबरला, त्या न्यूयॉर्कहून हिंदुस्थानला निघाल्या. त्याच बोटीवर इझाबेला थोबर्न होत्या, ज्यांनी पुढे लखनौला मुलींची शाळा आणि तिच्यातून महिला कॉलेज उभं केलं. स्वेन जानेवारी १८७० मध्ये बरेलीला पोचल्या. अमेरिकेत बाई डॉक्टरला रोगी मिळवण्यासाठी झगडावं लागत होतं. इथे पडद्यातल्या बायकांना पुरुष डॉक्टर चालत नव्हता, त्यामुळे रोगी पहिल्या दिवसापासून दारात. पण एकटी किती तपासणार? म्हणून स्वेन यांनी तिथल्या मुलींचा वैद्यकाचा वर्ग सुरू केला आणि १८७३ मध्ये तेरा जणी परीक्षा देऊन तयार झाल्या. रामपूरच्या नवाबाने दिलेल्या जागेवर दवाखाना आणि १८७४ मध्ये बायकांचं इस्पितळ उभं राहिलं. पुढे १८८५ मध्ये राजपुतान्यात खेतडीच्या राणीच्या वैद्य म्हणून त्या गेल्या. ॲना कुगलर (१८७९) यांनी आंध्रात गुंटूरला असंच इस्पितळ बांधलं.

धर्मप्रसार हा या मिशनांचा उघड हेतू होता, तो झाकायचं कारण नाही. शिष्यवृत्ती, बोटीचं भाडं, पगार सगळं मिशनचं, त्यामुळे काम कुठे आणि कुणात करायचं हेही मिशन ठरवी. आनंदीबाईंनी मात्र बंगालातल्या श्रीरामपूरच्या भाषणात, २४ फेब्रुवारी १८८३ ला, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं निक्षून सांगितलं होतं. हिंदुस्थानात जाऊन काम करण्याची वाट त्या वेळी मिशनच्या अंगणातूनच जात होती, हे लक्षात घेतलं की या वाक्याचं वजन समजतं. त्यांच्यापुढे आलेली नेमणूकही संस्थानची होती: कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात), स्त्रियांच्या विभागाची प्रमुख. ती जागा त्यांना सांभाळता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बावीस पूर्ण व्हायला महिना राहिला होता.

१० ऑक्टोबर १८८५ चं त्यांचं एक छायाचित्र सगळीकडे दिसतं: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या केइको ओकामी आणि सीरियाच्या वेशातल्या सबत इस्लामबुली. ओकामी १८८९ मध्ये पदवी घेऊन टोकियोला परतल्या आणि जिकेई हॉस्पिटलमध्ये रुजू झाल्या. पण सम्राटाच्या भेटीच्या वेळी, बाई डॉक्टर नको, असं सांगून त्यांना बाजूला ठेवलं गेलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला, स्वतःचा दवाखाना काढला आणि मुलींच्या शाळेत शिकवलं. इस्लामबुली १८९० मध्ये पदवीधर होऊन दमास्कसला गेल्या, पुढे कैरोला. पण कॉलेजशी त्यांचा संपर्क तुटला, आणि त्यांच्याबद्दल हाती येतं ते फार थोडं.

अशी माणसं निसटतात कशी, हे पदवीधरांचा माग काढणाऱ्या कुणालाही माहीत असावं. कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींचा संघ १८७५ चा. त्याचे वार्षिक वृत्तांत, कॉलेजची दरवर्षीची माहितीपत्रकं आणि मिशनांचे अहवाल ही तीन मुख्य साधनं. तिन्हींत वेगवेगळ्या खोट आहेत. वृत्तांतात येतात त्या बहुधा शहरात राहणाऱ्या, वर्गणी भरणाऱ्या, पत्रं लिहिणाऱ्या. मिशनचे अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले, म्हणून त्यांत यश ठळक आणि माघार पुसट. माहितीपत्रकात नाव असतं ते पदवीच्या दिवसाचं, आणि लग्नानंतर ते बदलतं. हॅली टॅनर विधवा झाल्यावर कॉलेजात आल्या म्हणून यादीत त्या डिलन, आणि दुसऱ्या लग्नानंतर जॉन्सन. तीन आडनावांची बाई तीन वेगळ्या बायका म्हणून मोजली जाते, किंवा मोजलीच जात नाही. म्हणून शोध नावाने न करता पदवीचं वर्ष, जन्मगाव आणि प्रबंधाचा विषय हे तिन्ही जुळवून करावा लागतो. कॉलेजचे हे कागद आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आनंदीबाईंच्या प्रबंधासह. कॉलेजात १९७० पासून मुलगेही आले आणि नावातला ‘विमेन्स’ गेला, पण कागद जपले गेले.

त्या हॅली टॅनर डिलन यांची पदवी १८९१ ची. कृष्णवर्णीयांचे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांना अलाबामातल्या आपल्या टस्कीगी या शिक्षणसंस्थेसाठी कृष्णवर्णीय डॉक्टर हवा होता, त्यांनी यांना बोलावलं. पगार वर्षाला ६०० डॉलर आणि राहणं-जेवण. पण त्याआधी अलाबामा राज्याची परवाना-परीक्षा होती, दहा दिवसांची, रोज एक विषय. तोवर तिथे एकाही बाईने ती उत्तीर्ण केली नव्हती. त्या उत्तीर्ण झाल्या, टस्कीगीत विद्यार्थी आणि शिक्षकांना तपासलं, वर्ग घेतले, औषधं स्वतः बनवली. १९०१ मध्ये बाळंतपणात त्यांचा मृत्यू झाला, छत्तिसाव्या वर्षी. गुलामीत जन्मलेल्या एलायझा ग्रायर यांच्याकडे फीचे पैसे नव्हते. त्या मध्ये मध्ये शिक्षण थांबवून मजुरी करत आणि पैसे साठले की परत येत. असं करत १८९७ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि जॉर्जियात परवाना मिळवला. पाच वर्षांत त्याही गेल्या. रेबेका कोल (१८६७) यांना मात्र दीर्घ आयुष्य लाभलं. न्यूयॉर्कच्या चाळींत घरोघरी जाऊन बाळाला कसं ठेवावं, पाणी, हवा, स्वच्छता कशी राखावी हे त्या शिकवत, आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी डॉक्टरकी केली.

या सगळ्यांत आनंदीबाईंच्या शेजारी मला ठेवावीशी वाटते ती सुझन ला फ्लेश. जन्म १८६५ चाच, नेब्रास्कातल्या ओमाहा जमातीत. आनंदीबाई कॉलेजातून बाहेर पडल्या त्याच वर्षी शरदात ती आत आली आणि १८८९ मध्ये, ओकामींच्याच तुकडीत, पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. पदवी मिळवणारी ती पहिली अमेरिकी आदिवासी डॉक्टर स्त्री. लहानपणी तिने एका ओमाहा बाईला डॉक्टरची वाट पाहत मरताना पाहिलं होतं. पुन्हा पुन्हा निरोप धाडूनही गोरा डॉक्टर आला नव्हता. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेची अट होती, शिकताना आणि नंतर काही वर्षं लग्न करायचं नाही. तिने ती पाळली. सरकारी डॉक्टर म्हणून तिला वर्षाला ५०० डॉलर मिळत. त्यात बाराशेवर माणसं आणि साडेतेराशे चौरस मैलांचा मुलूख, पक्के रस्ते नसलेला. घोड्यावर किंवा बग्गीतून ती हिवाळ्यातही फिरे. क्षय, इन्फ्लुएन्झा, डोळे येणं हे तिचे रोजचे रोग. औषधाइतकंच तिने दुसऱ्या गोष्टींवर लक्ष दिलं: शाळेतला सगळ्यांचा एकच पाण्याचा पेला बंद करणं, दारा-खिडक्यांना माश्यांसाठी जाळ्या, दारूविक्रीविरुद्ध अर्ज, जमिनीच्या हक्कांसाठी वॉशिंग्टनची वारी. १९१३ मध्ये वॉल्टहिल गावात तिचं इस्पितळ उभं राहिलं. दोनच वर्षांनी, पन्नाशीत, कानातून सुरू झालेल्या हाडाच्या दुखण्याने ती गेली. आनंदीबाईंना पंचवीस-तीस वर्षं मिळाली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. सुझनचं आयुष्य हे त्याचं एक खरंखुरं, घडलेलं उत्तर आहे.

रखमाबाईंचा मार्ग निराळा. त्यांनी नांदायला यावं म्हणून पती दादाजी भिकाजींनी लावलेल्या दाव्याचा निकाल लागल्यावर १८८९ मध्ये त्या इंग्लंडला, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये गेल्या. तिथली अडचण फिलाडेल्फियाच्या नेमकी उलट होती. १८७७ पासून रॉयल फ्री हॉस्पिटल त्या कॉलेजाला जोडलेलं, त्यामुळे रोगी भरपूर. पण कॉलेजला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार नाही, परीक्षा बाहेरच्या मंडळांकडे द्याव्या लागत. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत, मग राजकोट, असं तीन दशकांहून जास्त काम केलं.

आणि फिलाडेल्फियाची आपल्या मुलखात टिकून काम केलेली पदवीधर म्हणजे गुरुबाई करमरकर. १८९२ ची पदवी, आनंदीबाईंनंतर सहा वर्षांची. पती सुमंतराव ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकायला अमेरिकेत गेले, त्या वैद्यक शिकल्या, आणि १८९३ मध्ये दोघं परतले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या दवाखान्यात गुरुबाईंनी तेवीस वर्षं काढली. त्या काळातली मुंबई म्हणजे १८९६ ची प्लेगाची साथ आणि शतकाच्या अखेरीचा दुष्काळ. जिला घरातला पुरुष डॉक्टरकडे नेणार नाही आणि जिला जातीमुळे दुसरा कुणी हात लावणार नाही, अशी बाई त्यांच्या दवाखान्यात येई. आनंदीबाईंच्या नावाने आपल्याकडे पुस्तकं, नाटकं, चित्रपट झाले. गुरुबाईंच्या तेवीस वर्षांच्या रोजच्या कामाबद्दल मात्र मिशनच्या इंग्रजी अहवालांतले तुकडे चाळावे लागतात. कोणत्या वस्तीत दवाखाना, किती रोगी, कोणते आजार, मदतीला कोण, हे ते अहवाल ओळीओळीने वाचून मराठीत आणायचं काम व्हायला हवं.